काकीच्या हाती डॅशबोर्ड देताना

हे बघ, साइट तू छान केली आहेस. हरबादेवीचं देऊळ, किल्ला, एरंगळची जानेवारीतली जत्रा, सुक्या मासळीचं पान, सगळं जिथल्या तिथे आहे. मालाडहून बसने किंवा वेसाव्याहून फेरीबोटीने मढला येणाऱ्या माणसाला जे लागतं ते त्यात सापडतं. अडलंय ते पुढे. साइट चालवायची आहे बचत गटातल्या बायकांनी, आणि त्या डॅशबोर्ड उघडतात, जरा इकडे तिकडे बघतात आणि फोन तुझ्याच हातात देतात. "तूच टाक गं, आम्हाला नाय जमत."

मग तू शिकवण्या सुरू केल्यास. वहीत पायऱ्या लिहून दिल्यास, पुन्हा दाखवलंस, पुन्हा सांगितलंस. तरी गाडी पुढे जात नाही म्हणून तू वैतागली आहेस, ते मला कळतंय. पण माझं ऐक, शिकवणी सध्या बाजूला ठेव. लिलावात उभी राहून क्षणात भाव काढणारी, सगळ्या गिऱ्हाइकांची उधारी तोंडपाठ ठेवणारी बाई अकलेने कमी नाही. व्हॉट्सॲपवर ती दिवसभर फोटो पाठवते, बोलून निरोप सोडते, पैसे आले की नाही तेही बघते. तिला फोन जमतो. तिला जमत नाही तो तू समोर ठेवलेला पडदा. तेव्हा सुधारायचा आहे तो पडदा.

आज रात्री एक कर. तुझ्या ॲडमिनच्या खात्यातून आत जा आणि डावीकडची यादी गटातल्या एखाद्या काकीच्या डोळ्यांनी वाच. डॅशबोर्ड, पोस्ट, मीडिया, पेजेस, कॉमेंट्स, अपिअरन्स, प्लगइन्स, युजर्स, टूल्स, सेटिंग्ज. तुझी साइट ज्यावर चालते ते वर्डप्रेस बसवल्या बसवल्याच हे दहा दरवाजे असतात, प्रत्येकाच्या आत आणखी खोल्या. त्यात तू घातलेल्या प्लगइन्सनी आपापल्या पाट्या लावल्या आहेत: अपडेट करा, विकत घ्या, पाच तारे द्या. काकीला यातलं लागतं काय? बोंबलाचा फोटो टाकायचा आणि भाव लिहायचा. बाकी सगळ्यातून तिला वाट काढावी लागते, आणि प्रत्येक ठिकाणी मनात धाकधूक, की चुकीचं बटण दाबलं तर पोरीने केलेली साइट बिघडेल.

हे फक्त आपल्याकडे होतं असं समजू नकोस. वर्डप्रेस २७ मे २००३ ला आलं ते ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी 'बीटू' नावाच्या आधीच्या प्रोग्रॅमवरून ते उभं केलं. आज जगातल्या दर पाच वेबसाइटपैकी साधारण दोन त्याच्यावर चालतात, म्हणून त्याच्या पडद्यावर साऱ्या दुनियेच्या गरजा येऊन बसल्या आहेत. मार्च २००८ मध्ये २.५ आवृत्तीत त्यांनी डॅशबोर्डचं रूप पालटलं. लोकांना ते जड गेलं. मग त्यांनी वापरणाऱ्या माणसांना पडद्यासमोर बसवलं, कोण कुठे अडतं, कुणाची नजर कुठे फिरते हे यंत्रं लावून टिपलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरात आलेल्या २.७ आवृत्तीत वरची यादी उचलून डाव्या बाजूला आणली. तू आज बघतेस ती मांडणी तेव्हापासूनची. एवढ्या मोठ्या मंडळींना माणसं शेजारी बसवून बघावं लागलं, मग आपण अंदाजाने कसं भागवायचं?

म्हणून पहिलं काम, काकीच्या शेजारी जाऊन बस. ऑफिसात बोलावू नकोस, ती जिथे असते तिथे जा. मासळी वाळवायच्या वलांडीवर बोंबील चढवत असेल तर तिथे. दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून ती बांबूवर टाकत जाते, हात ओले, वर ऊन, खाली वाळू. तशात तिला म्हण, "काकी, आजचा भाव साइटवर टाक." आणि मग गप्प बस. बोट दाखवू नकोस, "तिथे, वर, उजवीकडे" म्हणू नकोस. ती कुठे थांबते, काय वाचून कपाळाला आठ्या पडतात, कोणतं बटण ती शोधतेय आणि ते तिथे नाहीच, एवढंच लिहून घे. शांत बसणं फार अवघड आहे, पण सगळं तिथेच कळतं. वापरसुलभतेचा अभ्यास करणाऱ्या जेकब नील्सन यांनी २००० मध्ये मांडलं होतं की पाच माणसांना वापरताना बघितलं की बहुतेक अडचणी पुढे येतात. तुझ्या गटात पाच बायका सहज मिळतील. त्यात एखादी म्हातारी घे, एखादी जिला वाचायला चष्मा लागतो अशी घे, आणि एखादी कॉलेजातली पोरगीही घे.

त्यातून कामांची यादी निघेल आणि ती लहानच असेल. आज कोणती मासळी आहे आणि भाव काय. काही सूचना, म्हणजे फेरी बंद, पाणी येणार नाही, दर्या खवळलाय. आणि जत्रेचे, सणाचे फोटो. बस. हीच तीन कामं तिच्या पडद्यावर दिसली पाहिजेत, मोठ्या तीन बटणांत. आत आल्या आल्या तिला नेहमीच्या डॅशबोर्डवर नेऊच नकोस, लॉगिन झालं की थेट या तीन बटणांवर आण. स्वागताचा फलक, वर्डप्रेसच्या बातम्या, साइटच्या तब्येतीचा तक्ता, हे डॅशबोर्डवरचे चौकोन तुझ्या कामाचे, तिच्या नाहीत. तुझ्या खात्यात राहू देत, तिच्या खात्यातून काढून टाक.

आता काढून टाकण्याबद्दल एक गोष्ट नीट ध्यानात ठेव, कारण इथे पुष्कळ जण फसतात. यादीतलं नाव लपवणं दोन ओळींच्या कोडने होतं. पण तेवढ्याने अधिकार जात नाही. ज्याला पत्ता ठाऊक आहे तो ब्राउझरमध्ये तो टाकून थेट त्या पानावर पोचतो. दारावर पडदा सोडला म्हणजे कुलूप लागलं असं होत नाही. म्हणून आधी अधिकार ठरव, यादी त्यामागोमाग आपोआप लहान होते.

वर्डप्रेसमध्ये तयार भूमिका पाच असतात: ॲडमिनिस्ट्रेटर, एडिटर, ऑथर, काँट्रिब्युटर, सबस्क्रायबर. तू सगळ्यांना एकच ॲडमिनचा पासवर्ड दिला आहेस, तो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर फिरतोय. आधी तो बदल, आजच. कुणी काय केलं ते त्यातून कळत नाही, आणि एखादीचा फोन हरवला तर अख्खी साइट दुसऱ्याच्या हाती जाते. प्रत्येकीला तिचं खातं दे. मग तुला वाटेल की काँट्रिब्युटर ठीक आहे, ती लिहील आणि मी प्रसिद्ध करीन. पण काँट्रिब्युटरला फोटो चढवता येत नाही! मासळीच्या भावाची नोंद फोटोशिवाय कसली? काकी फोटोचं बटण शोधत बसेल आणि तिला वाटेल आपलंच चुकतंय. ऑथरला फोटो चढवता येतो, आपलं लिखाण प्रसिद्धही करता येतं, दुसऱ्याच्या लिखाणाला मात्र हात लावता येत नाही. बचत गटासाठी ऑथर बरा. त्याहून चांगलं म्हणजे गटासाठी वेगळी भूमिका तयार कर आणि तिला मासळी, सूचना आणि फोटो एवढ्यांचेच अधिकार दे. गटाच्या अध्यक्षबाईंना एडिटर कर. ॲडमिन तू आणि आणखी एक भरवशाचं माणूस, म्हणजे तू गावाला गेलीस तरी अडणार नाही.

पुढचं, कोरं पान देऊ नकोस. २०१८ च्या डिसेंबरात पाचवी आवृत्ती आली तेव्हापासून ब्लॉकचा एडिटर आहे. तुला तो आवडतो, कारण त्यात हवं ते रचता येतं. काकीला काहीच रचायचं नसतं. तिला चार रकाने पुरतात: मासळी कोणती, सुकी की ताजी, भाव कशाला किती, आणि फोटो. मासळीचं नाव टाइप करायला लावू नकोस, यादीतून निवडू दे: बोंबील, जवळा, करंदी, मांदेली, सुरमई, पापलेट. भावाच्या रकान्यात बोट ठेवलं की अंकांचाच कीबोर्ड उघडू दे. फोटोच्या बटणावरून थेट कॅमेरा सुरू होऊ दे. रचना, अक्षराचा आकार, रंग हे सगळं तू एकदाच ठरवून बांधून टाक. मासळीसाठी पोस्टपेक्षा वेगळा प्रकार कर. ही सोय वर्डप्रेसमध्ये २०१० पासून नीट वापरता येते, आणि प्रत्येक प्रकाराला वेगळे अधिकारही देता येतात, म्हणजे वरचं भूमिकेचं काम सोपं होतं.

फोनवर काम होणार आहे हे विसरू नकोस. तू लॅपटॉपवर बसून बनवतेस, पण तुझ्या गटात लॅपटॉप किती जणींकडे आहे? बटणं बोटाला सापडतील एवढी मोठी ठेव. ॲपल ४४ पॉइंट सांगतं, अँड्रॉइडवाले ४८, त्याखाली जाऊ नकोस. करड्यावर फिकट करडी अक्षरं तुझ्या खोलीत सुंदर दिसतात, भर दुपारी किनाऱ्यावर वाचता येत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान साडेचारास एक असावा, हा सुगम्यतेचा जागतिक नियम आहे, तो मोजायची साधनं फुकट मिळतात. फोनचे फोटो जड असतात. वर्डप्रेस २०१९ पासून मोठा फोटो आपणहून २५६० पिक्सेलपर्यंत लहान करतं, पण चढताना तो पूर्ण वजनानेच चढतो. नेट मंद असलं की काकीला वाटतं अडकलं, आणि ती पुन्हा पुन्हा बटण दाबते. म्हणून फोनमध्येच लहान करून चढवायची सोय कर, आणि चढत असताना "फोटो जातोय, थांबा" असं ठळक दिसू दे.

भाषेचं सांगते. वर्डप्रेस मराठीत आहेच, आणि २०१६ च्या डिसेंबरपासून प्रत्येक खात्याला आपापली भाषा निवडता येते. तुझं खातं इंग्रजीत राहू दे, काकीचं मराठीत ठेव. पण तयार भाषांतरावर विसंबून राहू नकोस, बटणांवर तुमच्या तोंडचे शब्द घाल. "नवीन मासळी टाका", "आजचा भाव बदला", "सूचना काढून टाका". आणि हे शब्द तू एकटी ठरवू नकोस, त्यांना विचार. त्या जे म्हणतील तेच लिही.

टाइप करायला अडेल त्यांना मराठीत बोलून लिहायची सोय दाखव, फोनच्या कीबोर्डमधला माइक. एवढं शिकवणं पुरे. आणखी एक ठेच हमखास लागणार आहे: मच्छीमार सोसायटीच्या जुन्या जाहिराती, जत्रेची पत्रकं डीटीपीवाल्याने श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टात केलेली असतात. ती उचलून साइटवर चिकटवली की अक्षरांची जत्रा होते, काहीच वाचता येत नाही. त्यात कुणाचा दोष नाही, तो मजकूर युनिकोडमध्ये नसतो एवढंच. बदलून देणारी साधनं मिळतात. डीटीपीवाल्याला आधीच सांगून ठेव, की आम्हाला युनिकोडमधली प्रतही द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं, भीती. बायका हात लावत नाहीत याचं खरं कारण तेच आहे. त्यांना सांग, आणि नुसतं सांगू नकोस, करून दाखव, की चुकलं तर परत येतं. काकीलाच एक नोंद कचऱ्यात टाकायला लाव आणि तिच्याच हाताने परत काढायला लाव. कचरापेटीत गोष्ट ३० दिवस राहते. लिहिलेलं बदललं तर जुनी प्रत मिळते. हे एकदा हाताने केलं की चेहरा बदलतो बघ. फक्त फोटोंच्या बाबतीत सावध राहा. मीडियातून फोटो कायमचा पुसला की तो पुसलाच, तिथे कचरापेटी आपोआप चालू नसते. ती चालू कर, किंवा गटाच्या भूमिकेला फोटो पुसण्याचा अधिकारच देऊ नकोस. आणि काम झालं की पडद्यावर स्पष्ट येऊ दे: "झालं. तुमचा भाव साइटवर दिसतोय." खाली "बघा" असं बटण. कोपऱ्यात चमकून जाणारी पट्टी कुणाला दिसत नाही.

सूचनांबद्दल मी जरा कडक बोलते, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. दर्या खवळलाय ही सूचना तीन दिवसांनी तशीच राहिली, तर चौथ्या दिवसापासून लोक ती वाचायचं सोडतात. पुढच्या खेपेला खरं वादळ येतं तेव्हा ती कुणी बघत नाही. म्हणून प्रत्येक सूचनेला "कधीपर्यंत" हा रकाना सक्तीचा कर, तो भरल्याशिवाय पुढे जाताच येऊ नये. तारीख उलटली की सूचना आपोआप दिसेनाशी व्हावी. हे वर्डप्रेसच्या ठरल्या वेळच्या कामांवर सोडू नकोस, ती साइटवर कुणी आलं तरच चालतात. पान दाखवतानाच तारीख तपास. कॅशे लावला असेल तर जुनं पान दिसत राहील, तेही बघ. आणि वादळवाऱ्याचा इशारा आपण रचायचा नाही, हवामान खात्याचा आणि समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी संस्थेचा अधिकृत इशारा जोडायचा. यांत्रिकी होड्यांची पावसाळी बंदी राज्यात साधारण १ जून ते ३१ जुलै असते, त्या काळात ताज्या मासळीचं पान आपोआप बाजूला जाऊन सुक्या मासळीचं पुढे येऊ दे. काकीला दर वर्षी ते आठवावं लागू नये.

कुणी काय लिहायचं, कुणी तपासायचं, कुणी हो म्हणायचं, हे कागदावर ठरव. भारत सरकारच्या वेबसाइटसाठी २००९ मध्ये मार्गदर्शिका निघाली, २०२३ मध्ये तिची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात हे धोरण सांगितलं आहे: मजकूर कोण देणार, कोण मंजूर करणार, जुना मजकूर कधी संग्रहात जाणार. आपल्या मुंबई उपनगर जिल्ह्याची साइट एनआयसी या सरकारी संस्थेच्या एसथ्रीवॅस या वेबसाइट बनवायच्या सोयीवर आहे. देशातल्या कितीतरी जिल्ह्यांच्या साइट त्याच सांगाड्यावर आहेत, सांगाडा एकच आणि आतला मजकूर ज्या त्या कार्यालयाचा. सरकारी कचेरीला ज्याची गरज वाटते त्याची तुमच्या गटालाही आहे, फक्त तुमचं धोरण अर्ध्या पानात मावेल.

आणि शेवटी तुझ्याबद्दल. हे सगळे बदल थीमच्या फाइलमध्ये ठोकून देऊ नकोस, थीम बदलली की जातील. छोटं स्वतःचं प्लगइन कर, कुणाला चुकून बंद करता येणार नाही अशा जागी ठेव, आत मराठीत चार ओळी लिही की हे कशासाठी आहे. डोमेन तुझ्या नावावर घेतलं असशील तर ते गटाच्या नावावर कर, नूतनीकरणाची तारीख अध्यक्षबाईंच्या फोनमध्येही असू दे. उद्या तुझं लग्न होईल, नोकरी पुण्याला लागेल, आणि साइट तुझ्यावाचून अडता कामा नये. तसंच दर काही महिन्यांनी पुन्हा शेजारी जाऊन बस. गरजा बदलतात, नव्या बायका येतात, एखादं बटण कुणीच दाबत नाही असं दिसलं तर काढून टाक.

तू हुशार आहेस, तुला सगळं जमतं, म्हणून सगळं दाखवायचा मोह होतो. तो आवर. चांगला डॅशबोर्ड तो, ज्यात काकी आपलं काम करून फोन कमरेला खोचते आणि पुन्हा वलांडीकडे वळते. या रविवारी लॅपटॉप घरी ठेव, किनाऱ्यावर जा, तिच्याशेजारी बस आणि बघ. मग यादीतलं काय ठेवायचं आणि काय काढायचं हे मला विचारावं लागणार नाही.